तान्ह्या बाळाची केस: समितीच्या तारखेआधी सगळ्यांना एका टेबलाशी कसं आणायचं

मारहाण किंवा हेळसांड झालेलं दीड वर्षाचं मूल बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर येतं, तेव्हा त्याच्यासाठी राबणारी माणसं कमी नसतात. पोलीस ठाण्यातले बालकल्याण पोलीस अधिकारी, रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ आणि तिथले समाजसेवक, शिशुगृहाच्या अधीक्षिका, परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले संरक्षण अधिकारी, एखाद्या संस्थेची कार्यकर्ती, आणि मिळालाच तर आईचा वकील. अडचण ही की ही मंडळी एकमेकांना भेटतच नाहीत. डॉक्टरांना जे ठाऊक असतं ते चौकशी अहवालात उतरत नाही. शिशुगृहातल्या मावशींच्या जे लक्षात आलेलं असतं ते समितीच्या कानावर जात नाही. मग 'अहवाल अप्राप्त' असा शेरा पडतो आणि पुढची तारीख लागते. मोठ्यांच्या जमिनीच्या दाव्यात दोन महिने म्हणजे चिमूटभर वेळ. दीड वर्षाच्या मुलाच्या आयुष्याचा तो नववा हिस्सा असतो.

मुंबईत या केसेस नव्याने हाताळणाऱ्या समाजकार्यकर्त्यांसाठी, कायदेशीर मदत देणाऱ्या वकिलांसाठी आणि शिशुगृहातल्या कर्मचाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझं म्हणणं थोडक्यात इतकंच: प्रत्येक तान्ह्या केसला एक समन्वयक हवा आणि समितीच्या प्रत्येक तारखेआधी सगळ्यांची एक बैठक हवी. ते कसं जमवायचं, ते पुढे.

ही पद्धत आली कुठून

अमेरिकेत मायामीच्या बाल न्यायालयात न्यायाधीश सिंडी लेडरमन आणि मानसशास्त्रज्ञ जॉय ऑसॉफ्स्की यांनी मिळून लहान बाळांच्या केसेस वेगळ्या तऱ्हेने चालवायला सुरुवात केली. त्या अनुभवावर 'झीरो टू थ्री' या संस्थेने २००५ पासून निरनिराळ्या राज्यांत 'कोर्ट टीम' उभ्या केल्या. पुढाकार न्यायाधीश घेतात, रोजचं काम एक पूर्णवेळ समन्वयक बघतो आणि दर महिन्याला आढावा होतो. मूल घरी परत पाठवण्याचा आराखडा आणि ते जमलं नाही तर काय, याचा दुसरा आराखडा, हे दोन्ही पहिल्या दिवसापासून सोबत चालतात. आईवडिलांना आणि बाळाला एकत्र बसवून उपचार दिले जातात. एकाच मुलाला या घरातून त्या घरात हलवणं शक्य तेवढं टाळलं जातं.

एवढी घाई कशाला, असं कोणी विचारलं तर रुमानियातल्या बुखारेस्टचा अभ्यास दाखवा. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अनाथालयांतली १३६ मुलं घेतली. वयं ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेली मुलं एकूणच सुधारली, पण जी साधारण दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांची जवळीक आणि बुद्धीची वाढ जास्त सावरली. समितीसमोर एखादी तारीख पुढे ढकलली जात असेल तेव्हा हा एक अभ्यास पुरेसा बोलका आहे.

आपल्याकडे फरक कुठे पडतो

हे नीट समजून घेतल्याशिवाय अमेरिकेची नक्कल करायला जाऊ नका. तिकडे असं बाळ बहुधा प्रतिपालक कुटुंबात जातं. आपल्याकडे अशा प्रतिपालनाच्या (फॉस्टर केअरच्या) २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक सूचना मुख्यतः सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहेत. त्याखालच्या मुलांना दत्तकातून कायमचं घर मिळावं, असा त्यामागचा विचार. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे सहा वर्षांखालचं अनाथ, सोडून दिलेलं किंवा पालकांनी स्वेच्छेने सोपवलेलं मूल विशेष दत्तक संस्थेत ठेवलं जातं. सोडून दिलेल्या दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करायचं असतं.

म्हणजे ज्याचं कोणीच नाही, त्या बाळाची वाट कायद्याने आखून दिली आहे. ज्याचे आईबाप हयात आहेत, पण त्यांच्याच हातून बाळाला इजा झालीय, ते मात्र मधल्या मध्ये लोंबकळतं. दत्तकाला मोकळं नाही, फॉस्टर केअरच्या वयात बसत नाही, आणि घरी पाठवायला सगळेच घाबरतात. शिशुगृहात महिने निघून जातात ते याच मुलांचे. बैठकीची खरी गरज आहे ती यांच्यासाठी.

पहिले काही दिवस

पुढच्या पायऱ्या कळायला एक केस मनात धरू. मुलगी चौदा महिन्यांची. कुटुंब जालन्याहून आलेलं, गोवंडीत भाड्याच्या खोलीत राहतं. बाप नाक्यावर बिगारी काम करतो आणि पितो. आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीचा दंड मोडला म्हणून पालिकेच्या रुग्णालयात आणलं. आईने सांगितलेलं कारण आणि एक्स-रे यांचा मेळ बसेना, म्हणून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं.

कायद्याचं पहिलं घड्याळ २४ तासांचं: प्रवासाचा वेळ सोडून तेवढ्यात मूल समितीसमोर हजर करायचं. समिती बसलेली नसली तर एखाद्या सदस्यासमोरही नेता येतं. मूल रुग्णालयात दाखल असेल तर ते हलवायची घाई नको. समितीला लेखी कळवून आदेश घ्या. मुंबईत हे काम बरंचसं डोंगरी आणि मानखुर्दच्या आवारांत चालतं. शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, त्यामुळे कुठली समिती हे आधी फोन करून पक्कं करा. आजारी बाळाला घेऊन हार्बर लाईनवर उलटसुलट फिरणं परवडणारं नसतं.

याच दिवसांत डॉक्टरांकडून दोन-तीन गोष्टी लेखी मिळवायला हव्यात. दोन वर्षांखालच्या मुलाला मारहाण झाल्याचा संशय असेल तर सगळ्या हाडांचे एक्स-रे काढले आहेत का? मुडदूस तपासला आहे का? मुडदूस असलेलं हाड किरकोळ धक्क्यानेही मोडतं, आणि हे नंतर कळलं तर अख्खी केस उलटते. तिसरी गोष्ट डागांची. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर, पाठीच्या खालच्या भागावर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. नवख्या माणसाला ते मुक्या मारासारखे दिसतात. माराचा डाग दुखतो आणि काही दिवसांत रंग बदलत ओसरतो. जन्माचा डाग महिनोन् महिने तसाच राहतो. बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डावर कधी त्याची नोंद सापडते. उलट, जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या गालावर, कानावर किंवा पोटावर डाग असेल तर 'पडलं असेल' म्हणून सोडून देऊ नका. जे हलत नाही ते सहसा पडत नाही.

समन्वयक कोण

अमेरिकेत यासाठी पगारी पद असतं. आपल्याकडे ते नाही, म्हणून समितीने आदेशात नाव घालून नेमणं हाच उपाय. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले संस्थाबाह्य सेवांचे संरक्षण अधिकारी हा सगळ्यात योग्य पर्याय, कारण त्यांच्या पत्राला सरकारी वजन असतं. त्यांच्याकडे कामाचा डोंगर असेल, आणि बहुधा असतोच, तर केसमध्ये आधीपासून असलेल्या संस्थेची कार्यकर्ती किंवा शिशुगृहाची समाजकार्यकर्ती. पहिल्याच तारखेला समितीला लेखी विनंती करा की अमुक व्यक्तीने सर्व अहवाल गोळा करावेत आणि पुढील तारखेपूर्वी संबंधितांची बैठक घ्यावी, असा आदेश व्हावा. तोंडी होकार मिळाला म्हणून खूश होऊ नका. पुढच्या वेळी खुर्चीत दुसरे सदस्य असतील; कागद मात्र फाइलला राहतो.

एक ताकीद. समन्वयकाने सोयीसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढायचाच तर त्यात मुलाचं नाव, फोटो, पत्ता, एक्स-रे यातलं काहीही नको. केस क्रमांकही न टाकता 'मंगळवारची केस' एवढंच पुरतं. मुलाची ओळख उघड करण्यावर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ची बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन लाखांपर्यंतचा दंड होऊ शकतो. आपल्या ग्रुपमधून फोटो कुठे कुठे जातात ते आपल्याला माहीतच आहे.

तारखेआधीची बैठक

तारखेच्या तीन-चार दिवस आधी, पाऊण तास, शक्यतो शिशुगृहातच. जागा बदलली की अर्धी माणसं येत नाहीत, आणि शिशुगृहात घेतली की बाळ सगळ्यांच्या नजरेला पडतं. फाइलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या मुलीला एकदा डोळ्यांनी पाहणं, याचा अहवालावर होणारा परिणाम मी वेगळा सांगायला नको.

पहिली बोलायची पाळी शिशुगृहातल्या मावशींची ठेवा. साहेब, मॅडम बोलून झाल्यावर मावशी तोंड उघडत नाहीत, हा नेहमीचा अनुभव. आणि खरी माहिती त्यांच्याकडेच असते: मुलगी रात्री किती वाजता दचकून उठते, पुरुष कर्मचारी खोलीत आला की काय करते, वाटीने दूध घेते की बाटलीच मागते, कोणाच्या कडेवर शांत होते. मग डॉक्टर किंवा रुग्णालयातले समाजसेवक, मग गृहभेटीचा वृत्तान्त, मग आईवडील. शेवटी समन्वयक एका पानावर लिहितो: ठरलेलं काम, करणाऱ्याचं नाव, मुदत. हेच पान समितीसमोर जातं. पाच सदस्यांच्या समितीपुढे दिवसभरात मुलांची रांग असते; वीस पानांचा अहवाल वाचायला त्यांना वेळ कुठून मिळणार?

आईवडिलांना बैठकीला बोलवायचं का, यावर वाद होतो. माझं मत ठाम आहे, बोलवायचं. फक्त मारहाणीचा गुन्हा दाखल असेल तर बैठकीत 'त्या दिवशी काय झालं' हा विषयच काढायचा नाही. तो तपास पोलिसांचा. इथे पुढे काय करायचं एवढंच बोला, आणि हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा. आईला वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून द्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाळासाठीही वेगळा वकील मागता येतो. हे फारसं कोणी मागत नाही, मागावं.

भेटी

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे.

आपल्या केसमधल्या आईला भेटीची वेळ मिळाली, समजा, बुधवारी अकरा ते एक. तिच्या घरकामाची तीच वेळ. दोनदा खाडा झाला की एक घर सुटतं, म्हणून ती तिसऱ्यांदा येत नाही, आणि नोंदवहीत 'आई भेटीस आली नाही' असं चढतं. त्यातून चौदा महिन्यांच्या मुलीला आठवड्यातून एकदा दोन तास भेटणं कामाचं नाही. तिच्या आठवणीला आठवडा फार मोठा असतो. अर्ध्या-पाऊण तासाची भेट, पण आठवड्यातून तीनदा, जमली तर त्याहून जास्त. संध्याकाळी किंवा रविवारी. अंगावर पाजणारी आई असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज. आदेशात 'पालकांना भेटीची मुभा' एवढंच मोघम लिहून घेऊ नका. वार, वेळ, आणि भेटीला कोण हजर राहील तेही लिहायला लावा.

दुसरं, भेटीत काय दिसतं त्याचा अर्थ लावणं. तिसऱ्या-चौथ्या भेटीला मुलगी आईकडे जात नाही. पाठ फिरवते, मावशींचा पदर धरते, आईने उचललं तर ताठ होते. नोंद होते: 'आईशी जवळीक नाही.' हा निष्कर्ष घाईचा आहे. अचानक ताटातूट झालेलं मूल पुन्हा आई दिसल्यावर असं वागू शकतं. रुसतं, चिडतं, अनोळखीपणा दाखवतं. पाच-सात मिनिटांनी काय होतं, आई खाली बसून वाट पाहते की ओढून घेते, निघताना मुलगी रडते का, त्या रात्री झोपते का, हे लिहा. दोन शब्दांचा शेरा मारण्याऐवजी दहा ओळींचं वर्णन समितीला जास्त उपयोगी पडतं. आईला घरची धुतलेली नसलेली गोधडी किंवा जुनी ओढणी आणायला सांगा. शिशुगृहाला स्वच्छतेची काळजी वाटते, पण वास ओळखीचा असला की पहिल्या रात्री सोप्या जातात.

भेटीच्या वेळी एखादी समुपदेशक आईच्या शेजारी बसून हळूच दाखवत गेली, 'बघ, ती तुझ्याकडे बघतेय, आता तूही बोल', तर तीच भेट उपचार होते. तिकडच्या कोर्ट टीममध्ये आई आणि बाळ यांना एकत्र घेऊन वर्षभर चालणारे मानसोपचार असतात. आपल्याकडे तेवढं प्रशिक्षण घेतलेली माणसं मोजकी, तरी हे शेजारी बसणं कोणत्याही शहाण्या समुपदेशकाला जमण्यासारखं आहे.

दोन आराखडे, पहिल्या दिवसापासून

पहिला आराखडा घरी परतण्याचा. त्यात आईवडिलांनी काय करायचं ते इतकं नेमकं हवं की झालं की नाही हे कोणालाही कळावं. 'व्यसनमुक्ती करावी, समुपदेशन घ्यावे' हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या आदेशात असतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. कुठल्या रुग्णालयाच्या कुठल्या ओपीडीत, कोणत्या वारी, सोबत कोण जाणार, नोंद कोण आणणार, असं लिहा. नवरा बायकोलाही मारत असेल, आणि पुष्कळदा मारतोच, तर आधी तिची सुरक्षितता बघा. मुंबई पोलिसांत महिलांसाठीचा विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ पासून सुरू केला. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारीही आहेत. आईला 'मुलीला वाचवलं नाहीस' म्हणून धारेवर धरण्याआधी ती स्वतः कुठे झोपते ते विचारा.

दुसरा आराखडा नातेवाइकांचा. मामा, मावशी, आत्या, दोन्हीकडच्या आज्या: सगळ्यांची यादी पहिल्याच आठवड्यात. आपल्या केसमधली आजी, म्हणजे बापाची आई, जालन्यात. मुंबईहून तिला फोन करून 'सांभाळाल का' विचारणं पुरेसं नाही. समितीमार्फत जालन्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र पाठवून गृहभेट मागवा, आणि पत्र पोचलं का याचा पाठपुरावा स्वतः करा. समिती नातेवाइकाला 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्यता देऊन तात्पुरता ताबा देऊ शकते. आजीच्या हाती पैसा नसेल तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये. किंवा केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व, महिना ४,००० रुपये. दोन्ही एकदम धरून चालू नका. पैसे हाती यायला वेळ लागतो, तेव्हा पहिले काही महिने दुधाची सोय कोण करणार हेही बैठकीत ठरवा. आणि आजीला थेट विचारा: मुलगा दारू पिऊन दारात आला तर त्याला आत घ्याल का? उत्तर द्यायला ती जितका वेळ घेते त्यावरून बरंच कळतं.

हे दोन्ही फसलं तर पुढचा प्रश्न दत्तकाचा. इथे आपला कायदा अमेरिकेपेक्षा वेगळा आहे. तिकडचं न्यायालय पालकांचे हक्क कायमचे संपवू शकतं. आपल्याकडे पालक स्वेच्छेने मूल सोपवू शकतात, आणि त्यानंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात. म्हणूनच सांगते, आईवर सह्या करण्याचा दबाव आणू नका. 'तुझ्याच्याने होणार नाही, देऊन टाक' हे वाक्य भल्या माणसांच्या तोंडूनही मी ऐकलंय. दबावाखालची सही पुढे मुलीच्याच दत्तकाला गोत्यात आणते.

बाळाची स्वतःची कामं

आईवडिलांच्या भानगडीत बाळाचं राहून जातं. लसीकरण कार्ड नसेल तर जिथे जन्म झाला तिथून नोंद काढा, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने राहिलेल्या लशी सुरू करा. दंडाचा घेर मोजा; सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, आणि त्याला थांबायला जागा नाही. विकासाची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. ऐकू येण्याची चाचणी विसरू नका. 'बोलत नाही, हाक मारली तरी बघत नाही' असं म्हणून मानसिक धक्क्याच्या खात्यावर जमा केलेल्या मुलाच्या कानातच कधी कधी दोष निघतो. जन्मदाखला नसेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लगेच अर्ज. वर्ष उलटलं की मामला दंडाधिकाऱ्यापर्यंत जातो.

चार महिने आणि त्यानंतर

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक चौकशी १५ दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत व्हायला हवा. अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य हजर लागतात, म्हणून त्या तारखेला कोण रजेवर आहे ते आधी विचारून घ्या. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एवढ्यावरून महिना जातो.

घरी पाठवायचं ठरलं तर एका दिवसात नको. आधी दिवसभर, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर मावशींची नोंद. घरी गेल्यावर पहिला महिना आठवड्याला एक गृहभेट, सांगून नव्हे तर अचानक, आणि शेजारणीच्या किंवा अंगणवाडी सेविकेच्या फोनवर १०९८ हा बाल मदतवाहिनीचा क्रमांक असू द्या. ताबा आजीकडे गेला तर हेच काम जालन्याच्या कक्षाने करायचं. तिकडच्या अधिकाऱ्याला बाळाचं एक पान पाठवा: कशाने शांत होते, काय खाते, कशाला घाबरते, कुठली औषधं चालू आहेत, हाडाचं प्लास्टर निघाल्यावरची पुढची तपासणी कधी. सरकारी अहवालात या गोष्टींना रकाना नसतो. वेगळं पान जोडलं तर कोणी अडवत नाही.

आदेश पटला नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम १०१ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते; शहराचं कार्यालय फोर्टला, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. दोन्हींसाठी आदेशाची सही-शिक्क्याची प्रत लागते. ती ज्या दिवशी आदेश होतो त्याच दिवशी मागा आणि मागितल्याची पोच घ्या, कारण मुदतीतले दिवस प्रत मिळवण्यातच खर्ची पडतात.